कंप सोडून बाकीचं: पार्किन्सन्सची न दिसणारी लक्षणं घरी कशी टिपायची

आमचे अण्णा गुळव्या. करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला आमचं गाव. काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळायला लागला की आदण नेमकं कधी उतरवायचं हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. बुडबुड्यांचा आकार, पाकाची तार, थंड पाण्यात टाकलेली गोळी हे सगळेच बघतात. पण अण्णांचं नाक त्याच्याही आधी बोलायचं. पाक करपायच्या बेताला आला की वास बदलतो. तो आला की ते चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्याला लांबूनच ओरडायचे, "जाळ वढ रं मागं!"

२००९च्या हंगामात त्यांच्या हातून लागोपाठ दोन आदणं करपली. चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. गुऱ्हाळवाल्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पुढच्या वर्षी दुसरा गुळव्या बोलावला. अण्णा म्हणाले, वय झालं. आम्हीही तेच म्हटलं.

उजव्या हाताला कंप सुटला २०१४च्या दिवाळीत. पार्किन्सन्सचं निदान झालं २०१५ साली. म्हणजे नाक कंपाच्या पाच वर्षं आधी गेलं होतं, आणि पोट त्याच्याही आधी बिघडलं होतं. मी फार्मसिस्ट आहे, गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. अण्णांचा इसबगोल वर्षानुवर्षं माझ्याच फडताळातून जात होता. तरी हे धागे मला जोडता आले नाहीत. दुकानात पार्किन्सन्सच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या घरांमध्ये मला रोज तेच दिसतं: सगळ्यांचं लक्ष हातावर, आणि माणूस हळूहळू दुसऱ्याच वाटांनी खचत असतो. म्हणून हे लिहिते आहे. आम्ही दहा वर्षं जी वही ठेवली ती कशी ठेवायची, तिच्यात काय बघायचं, एवढंच.

आधी आजाराची चाल समजून घ्या

पार्किन्सन्स म्हणजे मेंदूत हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे रसायन कमी पडतं, हे खरं, पण ते अर्धंच. मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साचतात. २००३ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की या गाठी सुरुवातीला हालचालीच्या भागात नसतातच. त्या आधी दिसतात वासाच्या केंद्रात आणि पोटाकडं जाणाऱ्या व्हेगस नसेच्या मुळाशी. मग मेंदूच्या देठातून वर सरकत झोपेच्या आणि मनःस्थितीच्या केंद्रांतून डोपामिनच्या पेशींपर्यंत येतात, तेव्हा कुठं हात थरथरतो. शेवटी वरच्या पटलात, विचार आणि स्मरणाच्या भागात. प्रत्येकाचा आजार याच रस्त्यानं जात नाही, काहींचा क्रम उलटसुलट असतो. पण ढोबळ नकाशा म्हणून हा फार उपयोगाचा आहे. पोट, नाक, झोप, मन, मग हात, मग रक्तदाब-लघवी, मग भास, मग विस्मरण: आमच्या घरात साधारण असंच झालं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, लेव्होडोपाची गोळी, म्हणजे या आजाराची मुख्य गोळी, डोपामिन भरून काढते. बाकीची रसायनं नाही. म्हणून हात मोकळा झाला तरी बद्धकोष्ठ किंवा चक्कर तशीच राहिली, तर गोळी लागू पडत नाही असा अर्थ होत नाही. दुसरी गोष्ट मला वहीनं शिकवली आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. आजार स्वतः हळू चालतो, महिन्यांच्या आणि वर्षांच्या चालीनं. काही एका रात्रीत किंवा आठवड्यात बिघडलं, तर आजार वाढला असं म्हणून बसू नका. दुसरं काहीतरी शोधा: नवी गोळी, लघवीचा संसर्ग, पाणी कमी, पोट तुंबलेलं, ताप. आणि दिवसात ठरावीक वेळीच होत असेल, तर गोळीच्या वेळेकडं बघा. प्रश्न नेहमी हाच: हे वर्षानं आलं, आठवड्यानं आलं, की घड्याळानं?

वही कशी मांडायची

मोबाईलवर नको. मार्केट यार्डात सौद्याला वापरतात तशी लांबट, पुठ्ठ्याची वही घ्या आणि ती गोळ्यांच्या डब्याशेजारीच राहू द्या. डाव्या पानावर रोजचं: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, परसाकडं झालं की नाही, रात्री कितीदा उठले. उजवं पान मोकळं ठेवायचं. काही वेगळं झालं की तिथं वेळ टाकून एक ओळ. "घाबरे झाले" नाही. "११:४०, घाम, छातीत धडधड, दहा मिनिटं" असं.

महिन्याच्या एक तारखेला वजन आणि रक्तदाब. शिवाय तीन महिन्यांतून एकदा सगळी यादी मुद्दाम विचारायची. हालचालीशी आणि कंपाशी संबंध नसलेल्या लक्षणांसाठी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते; पेशंटनं हो किंवा नाही एवढंच भरायचं असतं. न्यूरॉलॉजिस्टकडं मागितली तर मिळते. ती भरताना अण्णांनी "हो" म्हटलेल्या निम्म्या गोष्टी त्यांनी आम्हाला कधी सांगितल्याच नव्हत्या.

कोण विचारतंय यालाही महत्त्व आहे. परसाकडचं आणि लघवीचं अण्णा मला सांगेनात. मुलीला कसं सांगायचं! ते काम भावाकडं दिलं. झोपेचं आईला विचारायचं, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचं काय माहीत. आणि आईला एकटीला विचारायचं, त्यांच्यासमोर नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला ते शब्द आवडतात. पण शुभंकराची झोपही वहीत लिहा, एवढं माझं जोडून सांगणं.

पोट आणि नाक

पोट साफ न होणं निदानाच्या दहा-वीस वर्षं आधीपासून असू शकतं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल तर ते लिहा आणि सांगा. (बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो असं मुळीच नाही, उगाच घाबरू नका.) निदान झाल्यावर मात्र हे किरकोळ समजू नका. लेव्होडोपा लहान आतड्यात शोषली जाते. जठर संथ झालं की गोळी तिथंच पडून राहते आणि माणूस म्हणतो, आज गोळी लागलीच नाही. आमच्या वहीत तीन दिवस परसाकडच्या रकान्यात शून्य आलं की चौथ्या दिवशी चालणं हटकून बिघडलेलं असायचं. इसबगोल द्याल तर भरपूर पाण्याबरोबर द्या, नाहीतर तोच आत घट्ट बसतो. रोज चालणं, पाणी, पालेभाजी. नाही भागलं तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोज डॉक्टरांना विचारून.

जेवणाचंही इथंच सांगते. प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं तयार होतात ती आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत शिरतात, त्यामुळं मटणाच्या जेवणावर घेतलेली गोळी मागं राहते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. पण म्हणून दूध, डाळ, अंडी बंद करू नका. या आजारात वजन उतरतं आणि उतरलेलं वजन परत येत नाही सहजी.

नाकाला औषध नाही. दहापैकी जवळपास नऊ जणांची वास घेण्याची ताकद कमी होते आणि बहुतेकांना ते कळतही नाही. कळतं ते दुसऱ्यांना: आमटी आंबली तरी खातात, मीठ जास्त मागतात. करायचं एवढंच की गॅस त्यांच्या एकट्याच्या भरवशावर सोडायचा नाही, आणि शिळं-ताजं बघायचं काम दुसऱ्यानं घ्यायचं.

झोपेत हातपाय झाडणं

२०११च्या आसपास आई बांगड्या काढून झोपायला लागली. अण्णा स्वप्नात बैल हाकायचे, कुत्री मारायचे, एकदा त्यांनी आईचा हातच पिरगाळला. सकाळी काही आठवायचं नाही. आईनं हे चार वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण नवऱ्याचं असलं काय सांगायचं.

स्वप्नाच्या झोपेत एरवी आपलं शरीर कुलूप लावल्यासारखं निपचित असतं. हे कुलूप निखळलं की माणूस स्वप्न अंगानं जगतो. पोटापेक्षा आणि नाकापेक्षा ही खूण फार पक्की आहे. २०१९ साली चोवीस केंद्रांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोप-तपासणीत ही तक्रार पक्की ठरलेल्या लोकांपैकी बारा वर्षांत जवळपास तीन चतुर्थांश जणांना पार्किन्सन्स किंवा त्याच्या जवळचा आजार झाला. तेव्हा पन्नाशीनंतर कुणी असं करायला लागलं तर लाजू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

घरात करायचं ते साधं आहे. पलंगाशेजारचं स्टूल, पाण्याचा तांब्या, टेबलाचा कोपरा हलवा. गादी खाली घाला किंवा पलंगाखाली जाड सतरंजी पसरा. जोडीदारानं काही दिवस वेगळं झोपायला हरकत नाही. औषधांत मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. क्लोनाझेपामनं सकाळी झापड येते आणि तोल जातो, त्यामुळं ते सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस उजव्या पानावर लक्ष ठेवा.

दिवसा येणारी झोप वेगळी. बोलता बोलता डुलकी लागत असेल तर गाडी चालवणं तिथंच थांबवा आणि गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्याच गोळ्यांनी असं होऊ शकतं.

मन, आणि पावणेबाराची भीती

साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, कधी कधी कंपाच्याही आधी. पण चेहऱ्यावरून ठरवू नका. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हसू उमटत नाही, डोळे कमी मिटतात. अण्णांचा चेहरा बघून पाहुणे म्हणायचे, रागावलेत का? ते रागावलेले नसायचे. म्हणून विचारायचं: रडू येतं का, जगावंसं वाटतं का, पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का.

इथं एक फरक नीट बघा. उदास माणसाला बाहेर नेलं तरी आनंद होत नाही. निरिच्छ झालेला माणूस स्वतःहून उठत नाही, पण उठवून नेलं तर रमतो. अण्णा दुसऱ्या जातीचे. त्यांना "येताय का?" विचारलं की "नको". "चला, चप्पल घाला" म्हटलं की गुऱ्हाळावर दोन तास बसायचे आणि परत येताना बोलायचे. ते आळशी झालेत म्हणून मी एक वर्ष त्यांच्याशी चिडून वागले. ते वर्ष मला परत मिळणार नाही.

आता घड्याळाची गोष्ट. २०१७मध्ये त्यांना रोज दुपारी जीव घाबरायला लागला. घाम, धडधड, "मला दवाखान्यात न्या". दोनदा कार्डिओग्राम काढला, दोन्ही नीट. भाऊ म्हणाला, मनाचं आहे. मी वहीचं उजवं पान घेऊन बसले आणि तीन आठवड्यांच्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. ११:४०. ११:५०. ११:३५. ११:४५. एकही ओळ सकाळी दहाची नव्हती, एकही दुपारी दोनची नव्हती. गोळी होती सकाळी आठ आणि दुपारी बाराला. म्हणजे आठच्या गोळीचा असर पावणेबाराला उतरत होता आणि हातापेक्षा आधी मन कोसळत होतं. डॉक्टरांनी ते पान बघितलं, दिवसाचा डोस तेवढाच ठेवून चाराऐवजी पाच वेळांत वाटला, आणि पंधरा दिवसांत ती भीती जवळजवळ गेली. गोळी उतरताना घाम, दुखणं, घाबरेपणा, लघवीची घाई, विचार सुचेनासे होणं, काहीही होऊ शकतं. गोळीआधीचा अर्धा तास आणि गोळीनंतरचा एक तास यांची तुलना केल्याशिवाय कुठल्याही त्रासाला नाव देऊ नका.

आणखी एक प्रश्न अवघड आहे, पण विचारावाच लागतो. प्रॅमिपेक्झोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांवर काही माणसांना एखादा नाद अनावर होतो: मोबाईलवर रमी, लॉटरी, वायफळ खरेदी, रात्री उठून गोड खाणं, शरीरसंबंधाची अतोनात ओढ. माणूस लपवतो आणि घरचे त्याच्या चारित्र्यावर जातात. हा औषधाचा परिणाम असतो आणि डोस कमी केला की बहुतेकदा उतरतो. मात्र कमी करायचा तो डॉक्टरांनी, हळूहळू. पार्किन्सन्सची कुठलीच गोळी घरच्या घरी एकदम बंद करायची नाही; एकदम तोडली तर ताप येऊन अंग लाकडासारखं ताठतं आणि जिवावर बेततं.

उभं राहिल्यावर येणारी अंधारी

हे मधल्या वर्षांत येतं आणि माणूस पाडतं. मोजायचं असं: पाच मिनिटं आडवं झोपवा, रक्तदाब घ्या. उभं करा, एका मिनिटानं घ्या, तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर ती नोंद डॉक्टरांकडं गेलीच पाहिजे. अण्णांचा झोपून १४६/८४ होता आणि उभ्यानं तिसऱ्या मिनिटाला १०२/६४. दवाखान्यात खुर्चीवर बसवून घेतलेला मात्र नेहमी नीटच यायचा. कित्येक घरांत वीस वर्षांपूर्वी सुरू झालेली बीपीची गोळी तशीच चालू असते, आणि आजार आता त्याच आकड्याला खाली ओढत असतो. ती कमी करायची का, एवढा एक प्रश्न विचारून बघा.

सकाळी उठताना, भरपेट जेवणानंतर आणि एप्रिल-मेच्या उन्हात जास्त होतं. उठायच्या आधी दोन पेले पाणी गटागट, मग काठावर दोन मिनिटं बसणं, मग उभं राहणं. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा. जेवण थोडं थोडं. मीठ वाढवायचं ते विचारूनच. चक्कर येते म्हणून दुकानातून सिनारिझिन मात्र आणू नका; का, ते पुढच्याच भागात येणार आहे.

लघवीचं थोडक्यात: रात्री चार-पाचदा उठणं आणि एकदम घाई होणं आजारानं होतं, पण पुरुषांत प्रोस्टेटही तपासा. मूत्राशयाच्या काही गोळ्या डोक्यात गोंधळ करतात. सुरू केल्यावर लक्ष ठेवा. रात्रीची वाट उजेडाची ठेवा किंवा भांडं जवळ ठेवा.

खिशातली चिठ्ठी

२०१९मध्ये अण्णांना आंबट ढेकर येत होते. मी तेव्हा बाळंतिणीच्या गडबडीत, वहिनी दवाखान्यात होती. त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं, पित्ताची कॅप्सूल मिळाली. तीन आठवड्यांत ते खुर्चीतून उठेनात. आवाज बसला, लाळ गळायला लागली. सगळे म्हणाले, आजार वाढला. पण वही सांगत होती की तीन आठवड्यांपूर्वी ते गुऱ्हाळापर्यंत चालत गेले होते. आजार एवढ्या वेगानं चालत नाही. मी पाकीट उलटं करून वाचलं: पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड. हे डोपामिनची वाट अडवतं. डॉक्टरांशी बोलून बंद केलं. पूर्ववत व्हायला दोन महिने लागले.

तेव्हापासून अण्णांच्या खिशात एक चिठ्ठी असते आणि तीच फ्रिजवर चिकटवलेली आहे. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल: ही औषधं न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नकोत. पित्त, उलटी, चक्कर, अर्धशिशी, रात्रीचा गोंधळ अशा साध्या तक्रारींसाठी ती सर्रास दिली जातात, म्हणून चिठ्ठी लागते. उलटीसाठी डोमपेरिडोन चालतं, तेही हृदयाची तक्रार असेल तर विचारून. तुमच्याही मेडिकलवाल्याला ही यादी एकदा दाखवून ठेवा. आम्ही बिल करताना बघू शकतो, पण घरात पार्किन्सन्स आहे हे आम्हाला माहीत असेल तरच.

भास

पहिल्यांदा भास असे येतात की तो भास आहे हेच कळत नाही. मागं कुणीतरी उभं आहे असं वाटणं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मांजर गेल्यासारखं. खुंटीवरचा टॉवेल माणसासारखा दिसणं. अण्णांना २०२२च्या सुरुवातीला हे व्हायचं आणि ते स्वतःच हसून सांगायचे. त्याच वेळी सांगा डॉक्टरांना. पुढचा टप्पा येण्याआधी औषधांची फेरमांडणी करायला तेव्हाच वाव असतो.

मग पोरं आली. संध्याकाळी सोप्यात दोन लहान पोरं बसलेली दिसायची, शांत, काही न बोलणारी. एकदा जेवताना अण्णांनी ताट बाजूला सरकवलं. आईनं विचारलं, काय झालं? "त्यास्नी वाढ की आधी. सांजंपासनं बसल्यात." आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "अण्णा, मला नाहीत दिसत पोरं. पण तुम्हाला दिसतायत, कळतंय मला. तुम्ही जेवा, मी बघते त्यांचं." ते जेवले.

एवढंच करायचं. वाद घालायचा नाही, खोटं खोटं दिसतंय असंही म्हणायचं नाही. दिवेलागणीला मोठा दिवा लावा. सावल्या कमी झाल्या की पोरंही कमी येतात. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. आणि भास कसे आले ते बघा. वर्षभरात हळूहळू आले तर आजार आणि औषधं. एका रात्रीत आले तर आधी लघवीची तपासणी. २०२१च्या पावसाळ्यात अण्णा एका रात्रीत आईला ओळखेनासे झाले होते. लघवीत संसर्ग निघाला, अँटिबायोटिकनं पाच दिवसांत माणूस परत आला. अंगात सोडियम कमी झालं तरी असंच होतं.

औषधं कमी करताना डॉक्टर बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल, अमँटाडिन आणि प्रॅमिपेक्झोलसारख्या गोळ्या आधी उतरवतात, लेव्होडोपा सगळ्यात शेवटी. तरीही नाही भागलं तर क्वेटियापिन, किंवा रक्ततपासणी करत क्लोझापिन. भास भीतीचे झाले, पैसे चोरले म्हणून किंवा बायकोवर संशय यायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

विसर, आणि घास

विस्मरणाची सुरुवात नावं विसरण्यानं झाली नाही. गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, हिशोब तोंडी करणारा माणूस चहा करताना पातेलं, पाणी, साखर यांचा क्रम चुकायला लागला. ठरवणं, क्रम लावणं, एका वेळी दोन कामं करणं हे आधी जातं. आठवण बरीचशी असते, फक्त खूण लागते: "कुठली पेठ?" म्हटल्यावर नाव यायचं. बोलायला वेळ द्या, वाक्य तुम्ही पुरं करू नका. एका वेळी एकच सूचना. खरं ते सांगते: सिडनीमध्ये रुग्णांच्या एका गटाचा वीस वर्षं पाठपुरावा झाला, आणि तेवढी वर्षं जगलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश होता. म्हणून बँकेची, शेताच्या सातबाऱ्याची, इलाजाबद्दल त्यांना काय हवं-नको याची बोलणी पहिल्या वर्षांत करून घ्या, त्यांचा शब्द त्यांचा असताना. विसर वाढला की रिव्हास्टिग्मिनचा काहींना उपयोग होतो. ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर आधी तेच तपासा, त्यानं विसर वाढतो. आणि हालचालीच्या आधी किंवा वर्षाच्या आतच विस्मरण आलं असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, हे डॉक्टरांना तारखेसह सांगा.

घशाकडं लक्ष फार उशिरा जातं. लाळ गळते ती जास्त तयार होते म्हणून नाही, गिळणं कमी होतं म्हणून. पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घोगरा ओला आवाज, जेवायला तासभर लागणं, महिन्याला किलोभर वजन उतरणं: यातलं काहीही दिसलं तर गिळण्याची तपासणी करून घ्या, स्पीच थेरपिस्ट ती करतात. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, जेवताना टीव्ही बंद. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि या आजारात माणसं दगावतात ती बहुतेकदा अशानं. जेवणाची वेळ गोळी चढलेली असताना ठेवली की गिळणंही सुधारतं.

डॉक्टरांकडं जाताना

वही पूर्ण कुणी वाचत नाही, तेवढा वेळ कुणाकडं नसतो. आदल्या रात्री एका कागदावर तीनच ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळीत काय, कधीपासून, आणि कुठल्या वेळी. सोबत चालू गोळ्यांची यादी, त्यात इतर डॉक्टरांच्या आणि आयुर्वेदाच्याही. कवचबीजात, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांत, नैसर्गिक लेव्होडोपा असतं; ते लपवून घेतलं तर डोस मोजता येत नाही. कंपाबद्दल लिहायची गरज नाही, तो डॉक्टरांना दिसतोच.

मागच्या भेटीला मी नेलेला कागद असा होता. एक: गेल्या दोन महिन्यांपासून पाणी पिताना ठसका, जास्त करून रात्रीच्या जेवणाला. दोन: उभ्यानं रक्तदाब परत ३० नं उतरतोय, सकाळी सात वाजता, गोळीच्या आधीही आणि नंतरही. तीन: पोरं रोज संध्याकाळी येतात, अण्णांना त्यांची भीती वाटत नाही, औषध वाढवायचं का?

डॉक्टरांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून अण्णांनाच विचारलं. अण्णा म्हणाले, "असूद्यात. काय त्रास न्हाई त्यांचा."